केमो चालू असताना प्लेटलेट घसरल्या तर काय बघायचं आणि काय नाही

पावसाळा सरत आला की नाशिकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो, अर्जंट एसडीपी (म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेटची पिशवी) पाहिजे, बी पॉझिटिव्ह, पेशंट मुंबई नाक्याजवळ अॅडमिट आहे, खाली दोन मोबाईल नंबर. सिडको म्हणा, सातपूर म्हणा, पंचवटी म्हणा, डेंग्यूने कुठलाच भाग सोडलेला नाही, त्यामुळे प्लेटलेट म्हटलं की काय ते आपल्याकडे घराघरात माहीत झालंय. अडचण अशी की आपण प्लेटलेट शिकलो त्या डेंग्यूकडून, आणि मग घरात कुणाची केमो चालू असते, रिपोर्टमध्ये आकडा ४२,००० येतो आणि आख्खं घर डेंग्यूचेच नियम लावायला बसतं. पपईची पानं आण, किवी आण, डॉक्टरांना सांग प्लेटलेटची बाटली लावा. डॉक्टर म्हणतात चार दिवसांनी परत सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करा. मग नातेवाईक चिडतात आणि पेशंटची रात्रीची झोप उडते.

मी डॉक्टर नाही, रक्तदात्यांना फोन करून गोळा करायच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे हे रिपोर्ट, हे नातेवाईक आणि त्यांचे प्रश्न जवळून बघतो. तुमच्या पेशंटचा निर्णय तुमचे ऑन्कोलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टरच घेणार, पण ते काय आणि का करतायत हे कळलं तर निम्मी भीती जाते असं मला मनापासून वाटतं. एकच गोष्ट धरून ठेवा, नुसता आकडा बघायचा नाही. तो का पडला, वर चाललाय की खाली, आणि अंगातून कुठून रक्त येतंय का, हे तिन्ही मिळून बघायचं.

आधी रिपोर्ट वाचता आला पाहिजे

प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या अगदी बारीक पेशी, कुठे कापलं किंवा आतली रक्तवाहिनी फुटली की तिथे जमा होऊन भोक बुजवतात. हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत त्या तयार होतात, निरोगी माणसात रोज साधारण १० हजार कोटी, आणि प्रत्येक प्लेटलेट ८ ते १० दिवस जगते. नॉर्मल आकडा दीड लाख ते साडेचार लाख, एका मायक्रोलिटर रक्तामागे.

आता गोंधळ इथे होतो की एक लॅब ४२,००० लिहिते, दुसरी नुसतं ४२ लिहिते कारण तिचं माप हजारात असतं, आणि तिसरी ०.४२ लाख. तिन्ही एकच आहेत. हॉस्पिटलच्या लॅबचा रिपोर्ट ४२ आणि कोपऱ्यावरच्या लॅबचा ४२,००० बघून लोक हादरलेले मी पाहिलेत. आकड्याशेजारी माप काय छापलंय ते आधी वाचा, आणि शक्यतो सगळे सीबीसी एकाच लॅबमधून करा, म्हणजे चढउतार नीट कळतो.

आणि एक, आकडा अचानक विचित्र कमी आला आणि पेशंटला काहीच त्रास नाही, तर तो खोटाही असू शकतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असतं त्याने काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, मशीनला त्या मोजता येत नाहीत, आणि दोन लाखवाल्याचा रिपोर्ट साठ हजार येतो. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरून (याला स्मिअर म्हणतात) मायक्रोस्कोपखाली बघितला की गुठळ्या दिसतात, मग निळ्या झाकणाच्या नळीत परत रक्त घेऊन मोजतात. हे दर वेळी नसतं, पण 'स्मिअर बघितला का?' हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

टाकी रिकामी का झाली?

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. पाणी कमी झालंय, कारणं तीनच. एकतर खालून पाणी येणंच कमी झालंय, नाहीतर टाकी कुठेतरी गळतेय, नाहीतर वापर अचानक वाढलाय. केमोत पहिलं कारण असतं, मॅरोतून पुरवठा कमी झालेला असतो. आयटीपी नावाच्या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती प्लेटलेट मारून टाकते, म्हणजे पुरवठा ठीक पण खाली मोठी गळती. जोराचं इन्फेक्शन किंवा रक्तस्राव असेल तर वापर वाढलेला. आणि बाहेरून दिलेल्या प्लेटलेटची पिशवी म्हणजे टँकर. पुरवठा बंद असेल तर टँकरने दोन-चार दिवस निघतात, पण टाकी तळाशी फुटलेली असेल तर टँकर ओतून काय उपयोग, तिथे आधी गळती थांबवायला स्टेरॉईड किंवा दुसरी औषधं लागतात. डेंग्यूत थोडा पुरवठा मंदावतो, थोडी गळती असते, आणि ताप उतरल्यावर काही दिवसांत दोन्ही आपोआप थांबतात.

म्हणून शेजारच्याच्या डेंग्यूत जे केलं ते काकूंच्या केमोत लागू पडत नाही.

औषधांनीही प्लेटलेट पडतात आणि ते केमोपुरतंच नाही. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक दोन आठवड्यांच्या पुढे चाललं तर पडू शकतात, टीबीच्या रिफॅम्पिसिनने क्वचित, फिटच्या व्हॅल्प्रोएटने पण. हेपारिन नावाचं रक्त पातळ करायचं इंजेक्शन तर वेगळंच प्रकरण आहे, सुरू केल्यावर साधारण ५ ते १० दिवसांत आकडा निम्म्यावर आला तर काहींना रक्तस्राव न होता उलट गुठळ्या होतात, आणि अशा वेळी हेपारिन ताबडतोब बंद करून दुसरं औषध देतात, प्लेटलेटची पिशवी शक्यतो टाळतात. त्यामुळे पेशंट जे काही घेतोय, शुगरपासून आयुर्वेदिक काढ्यापर्यंत, सगळ्याची यादी डॉक्टरांसमोर गेलीच पाहिजे.

केमोत आकडा पडतो तो ठरल्या वेळेला

बऱ्याच जणांना वाटतं केमोने रक्तातल्या प्लेटलेट मरतात. तसं नाही. केमो वेगाने वाढणाऱ्या पेशींवर काम करते, मॅरोत पेशी सतत तयार होत असतात म्हणून तिथलं काम मंदावतं. रक्तात आधीच असलेल्या प्लेटलेट आपलं आयुष्य जगून संपतात आणि त्यांच्या जागी नव्या पुरेशा येत नाहीत, म्हणून केमो झाल्यावर पहिले काही दिवस रिपोर्ट चांगला दिसतो, लोक म्हणतात बघा काही झालं नाही, आणि मग साधारण १० ते १४ दिवसांच्या दरम्यान आकडा सगळ्यात खाली जातो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत वर येतो. बऱ्याच केमो तीन आठवड्यांच्या अंतराने का देतात त्याचं एक कारण हेच. जेमसायटाबिन आणि कार्बोप्लॅटिन ही औषधं प्लेटलेट पाडण्यात जास्त प्रसिद्ध, आणि कार्बोप्लॅटिनमध्ये सगळ्यात खालचा आकडा थोडा उशिरा येतो, तिसऱ्या आठवड्याकडे.

याचा रोजच्या जगण्यात उपयोग काय, तर तुमच्या डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर ते दिवस मार्क करून ठेवा. पुढची केमो द्यायची की पुढे ढकलायची हे साधारण १ लाखाच्या आसपास ठरतं, काही प्रकारांत ७५,०००. नाशिकहून बरेच पेशंट परळला टाटा हॉस्पिटलला जातात, पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेस पकडायची, दादरला उतरायचं, आणि तिथे गेल्यावर कळतं प्लेटलेट ६०,००० आहेत, आज केमो नाही. आदल्या दिवशी इथेच सीबीसी करून रिपोर्ट फोनवर पाठवला आणि यायचं का विचारलं तर ही फेरी वाचते. तिथल्या टीमला असा रिपोर्ट चालतो का हे आधीच विचारून ठेवा.

केमो पुढे ढकलली म्हणजे आजार वाढणार, ही भीती खरी असते आणि ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण आठवडाभर थांबणं किंवा डोस थोडा कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे. वारंवार तसं होत असेल तर मात्र बसून विचारा की पुढे काय करायचं.

'आकडा इतका कमी, तरी बाटली का लावत नाहीत?'

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. एक वहिनी फोनवर अगदी रडकुंडीला आल्या होत्या, 'भाऊ, यांच्या अठरा हजार आहेत, डॉक्टर म्हणतात बघू, असं कसं बघू?' मी विचारलं ताप आहे का, नाही. कुठून रक्त येतंय का, नाही. मग त्यांना सांगितलं की वहिनी, दुर्लक्ष चाललेलं नाही, नियमच तसा आहे.

नियम साधारण असा. केमोमुळे मॅरो मंदावलेल्या पेशंटला रक्तस्राव नसेल तर १०,००० च्या खाली गेल्यावर आधीच खबरदारी म्हणून प्लेटलेट देतात. ताप किंवा इन्फेक्शन असेल तर बरेच डॉक्टर २०,००० ला देतात. रक्तस्राव चालू असेल किंवा एखादं ऑपरेशन करायचं असेल तर ५०,००० च्या वर ठेवायचा प्रयत्न असतो, आणि मेंदू किंवा डोळ्याचं ऑपरेशन असेल तर १ लाख. पूर्वी सगळीकडे २०,००० हीच रेष होती. १९९७ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये १०,००० आणि २०,००० या दोन रेषांची तुलना केली, गंभीर रक्तस्राव दोन्हीकडे सारखाच निघाला आणि प्लेटलेट मात्र कमी लागल्या. डेंग्यूतही २०१७ मध्ये सिंगापूर-मलेशियाचा अभ्यास आला, प्लेटलेट २०,००० किंवा त्याहून कमी पण रक्तस्राव नाही अशा मोठ्या माणसांना नुसत्या आकड्यावरून पिशव्या चढवून रक्तस्राव काही टळला नाही, उलट अंगावर पित्त उठण्यासारख्या रिअॅक्शन जास्त झाल्या. डेंग्यूत खरा धोका रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपून बीपी पडण्याचा असतो, तो ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत, आणि आपण सगळे प्लेटलेटकडे बघत बसतो.

'मग जास्तीची एक बाटली दिली तर बिघडलं काय?' बिघडतं. थंडी वाजून ताप येऊ शकतो, पित्त उठतं, क्वचित फुप्फुसाला त्रास होतो. आणि वारंवार दिल्या की शरीर परक्या प्लेटलेटविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, मग खरी गरज पडेल तेव्हा पिशवी चढवूनही आकडा हलत नाही. ज्यांना अजून बऱ्याच केमो घ्यायच्यात त्यांच्यासाठी हे फार महागात पडतं.

पिशवीबद्दल थोडं

आरडीपी म्हणजे कुणीही केलेल्या नेहमीच्या रक्तदानातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट, एका पिशवीने मोठ्या माणसाचा आकडा ५ ते १० हजारांनी वाढतो, म्हणून एकदम चार ते सहा पिशव्या लागतात. एसडीपी म्हणजे एकाच दात्याला मशीनला जोडून त्याच्या फक्त प्लेटलेट घेतात आणि बाकी रक्त परत देतात, तास-दीड तास जातो, आकडा ३० ते ५० हजारांनी वाढतो. ताप असेल किंवा पाणथरी (स्प्लीन) मोठी झालेली असेल तर वाढ यापेक्षा कमी दिसते. एसडीपी महाग पडते पण एकाच माणसाच्या असल्याने अनेक दात्यांशी संबंध येत नाही, ज्यांना पुन्हा पुन्हा लागणार त्यांच्यासाठी बरी.

रक्तपेढीत कधी गेलात तर प्लेटलेट ठेवायचं कपाट बघा, आतले ट्रे सतत डावी-उजवीकडे हलत असतात. २० ते २४ डिग्रीला, अखंड हलवत, आणि तेही ५ दिवसच टिकतात. म्हणून आधीच आणून ठेवा असं होत नाही. पिशवीतलं द्रव फिकट पिवळं असतं, टेक्निशियन ती उजेडासमोर धरून हळूच हलवतो आणि आत धुरकट चमकदार वळ्या फिरताना दिसल्या की प्लेटलेट जिवंत आणि चांगल्या आहेत असं समजतो. हे बघायला मला अजूनही आवडतं.

आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. लाल रक्ताची पिशवी बर्फाच्या डब्यातून नेतात, ते बघून लोक प्लेटलेटही बर्फात घालतात, नाशिकच्या गंगापूर रोडहून द्वारका चौकापर्यंत ट्रॅफिकमध्ये स्कूटरवर बर्फात. प्लेटलेटला थंडी चालत नाही. बर्फ नको, फ्रीज नको, उन्हात तापलेली डिकी पण नको, साध्या डब्यातून सरळ न्यायची आणि पोचल्यावर लगेच सिस्टरच्या हातात द्यायची.

दुसरं, सख्ख्या भावाच्याच प्लेटलेट द्या असा हट्ट करू नका. जवळच्या नात्यातलं रक्त द्यायचं तर आधी त्यावर रेडिएशन करून घ्यावं लागतं, नाहीतर क्वचित पण जीवघेणी रिअॅक्शन होऊ शकते, आणि पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट होण्याची शक्यता असेल तर घरच्यांनी आधी अजिबात देऊ नये. मित्र, शेजारी, ऑफिसमधला सहकारी जास्त चांगला. ब्लड ग्रुप जुळलेला असावा हे बरोबर, पण नाइलाजाने दुसऱ्या ग्रुपच्याही देतात, तो निर्णय रक्तपेढी आणि डॉक्टर घेतात.

'पण पपईच्या पानांनी शेजारच्यांच्या वाढल्या होत्या'

वाढल्या असतील, नाही म्हणत नाही. पण डेंग्यूत सातव्या-आठव्या दिवशी त्या बहुतेकांच्या वाढतातच, रस प्यायले तरी आणि नाही प्यायले तरी. पपईच्या पानांच्या अर्कावर डेंग्यूमध्ये छोटे अभ्यास झालेत, काहींत आकडा लवकर वाढलेला दिसला, पण रक्तस्राव कमी झाला किंवा जीव वाचले असं पक्कं दाखवता आलेलं नाही. केमोचा प्रश्न वेगळाच आहे. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या माणसाला मिक्सरमध्ये वाटलेली कच्ची, धुळीची पानं पाजणं म्हणजे इन्फेक्शनला आमंत्रण, शिवाय तो रस कुठल्या औषधाशी कसा वागेल कुणी सांगू शकत नाही. गुळवेलीचंही तेच, लिव्हरला इजा झालेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्यात. शेळीचं कच्चं दूध तर केमोत अजिबात नको, त्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात. किवी, डाळिंब, आपल्याकडचे काळे मनुके, स्वच्छ धुऊन आणि डॉक्टरांनी मना केलं नसेल तर खुशाल खा, अंगाला चांगलेच आहेत, फक्त त्याने प्लेटलेट वाढणार नाहीत. हो, बी१२ किंवा फॉलिक अॅसिडची खरोखर कमतरता असेल तर ती भरून काढल्याने फरक पडतो, पण ते तपासून कळतं.

केमोनंतर पोटाच्या कातडीखाली जे इंजेक्शन देतात, फिलग्रास्टिम वगैरे, ते पांढऱ्या पेशींसाठी असतं, त्याने प्लेटलेट वाढत नाहीत, त्यामुळे 'इंजेक्शन दिलं तरी वाढल्या नाहीत' ही तक्रार चुकीच्या औषधाबद्दल असते. प्लेटलेट वाढवणारी औषधं वेगळी आहेत, रोमिप्लोस्टिम हे आठवड्याचं इंजेक्शन आणि एल्ट्रोम्बोपॅग ही गोळी. ती मुख्यतः आयटीपीसारख्या आजारात वापरतात, केमोत निवडक पेशंटना, कारण गुठळ्या होण्याचा धोका असतो. एल्ट्रोम्बोपॅग चालू असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, दूध, दही, पनीर, कॅल्शियमची गोळी यांच्या दोन तास आधी किंवा चार तासांनंतर घ्यायची, चहासोबत घेतली तर नीट लागू पडत नाही.

घरी काय सांभाळायचं

आकडा ५०,००० च्या खाली असला की मऊ ब्रश, दाढीला ब्लेड नको मशीन वापरा, नाक जोरात शिंकरू नका. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेऊ नका, कोपऱ्यावरचा डॉक्टर ताप आला की लगेच सुई काढतो त्याला आधीच सांगा केमो चालू आहे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जोर करून शौचाला बसलं की रक्त येतं, पाणी प्या आणि औषध डॉक्टरांना विचारून घ्या, एनिमा घरी देऊ नका. अंग दुखलं म्हणून कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन असलं काही मनाने नाही, हे असलेल्या प्लेटलेटचंही काम बिघडवतात. मात्र ज्यांना हृदयात स्टेंट आहे किंवा गुठळीसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांनी ती परस्पर बंदही करू नये, आकडा कळवून विचारायचं.

निफाड-दिंडोरीकडच्या पेशंटसाठी वेगळं सांगतो. ऑक्टोबरच्या छाटणीत घरातला माणूस द्राक्षबागेपासून लांब राहतच नाही, जरा दोन ओळी बघून येतो म्हणतो. हातात कात्री, तारेचं खरचटणं, वर मातीचं इन्फेक्शन. आकडा खाली असतो त्या दोन आठवड्यांत कात्री दुसऱ्याच्या हातात द्या, बांधावर खुर्ची टाकून बसू द्या. शहरातल्यांनी तेवढे दिवस खड्ड्यांतून दुचाकी चालवायची नाही, डोक्याला मार लागणं हीच सगळ्यात मोठी भीती.

रोज अंघोळीच्या वेळी पायांवर बघा, नडगीवर बारीक लाल ठिपके, काच दाबून धरली तरी न पुसणारे, हे लवकर दिसणारं लक्षण आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. काळंनिळं पडणं, हिरड्यांतून रक्त, घोळणा फुटून दहा मिनिटं नाक दाबलं तरी न थांबणं, पाळीत नेहमीपेक्षा खूप जास्त रक्त, याला लगेच फोन. आणि कधी नव्हे असं जोराचं डोकं दुखणं, अंधुक दिसणं, उलट्या, बोलण्यात गडबड, काळीकुट्ट चिकट शौच, लघवीत किंवा उलटीत रक्त, याला फोनचीही वाट बघू नका, सरळ इमर्जन्सी गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. केमोच्या पेशंटला १००.४ फॅरेनहाइट ताप आला तर तेही इमर्जन्सीच, पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. फाईलच्या पहिल्या पानावर शेवटच्या केमोची तारीख, औषधांची नावं, ब्लड ग्रुप आणि शेवटचे तीन सीबीसी लावून ठेवा, रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरला तेच लागतं.

कुणाला द्यायच्या असतील तर

एसडीपी द्यायला वजन ५० किलोच्या वर, स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखांच्या वर आणि हाताची शीर चांगली लागते. तुमचा आकडा दोन-तीन दिवसांत भरून येतो, नियमाने ४८ तासांनी परत देता येतात, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा आणि वर्षात २४ वेळा. दाता शेवटच्या क्षणी बाद होतो तो बहुतेक दोन कारणांनी, शीर बारीक निघते नाहीतर तीन दिवसांच्या आत अॅस्पिरिन घेतलेली असते, म्हणून फोन आला की गोळ्यांचं आधी सांगा, उपाशीपोटी येऊ नका, आणि पेशंटसाठी दोन दात्यांची नावं तयार असतील तर तिसऱ्याचं पण द्या.